पांढरी पाचच्या जरा वर

"भाई, अवाज तो सरस आवे छे, पण साथे घूं-घूं पण आवे छे." जुना रेडिओग्राम किंवा अँप्लिफायर घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं वाक्य साधारण असंच असतं. नानपुऱ्यातले पारशी अंकल असोत, अडाजणच्या बेन असोत, नाहीतर लिंबायतमधला आपला खानदेशी माणूस असो. सेट बंद पडला तर लोक वर्ष-वर्ष तो तसाच झाकून ठेवतात. हमिंग मात्र सहन होत नाही. बंद सेट त्रास देत नाही आणि चालू सेट गाण्याच्या मध्ये घुमत राहतो, एवढाच फरक.

माझं दुकान सुरतेत, उधन्याला आहे. वडील अमळनेरकडून तापी लाइनची गाडी पकडून इथे मागावर काम करायला आले. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो आणि मग एका उस्तादाच्या टेबलाशेजारी बसून हे काम उचललं. उस्ताद गुजरातीत शिकवायचे, मोजमाप इंग्रजीत आणि शिव्या हिंदीत. कोणताही सेट आला की झाकण उघडायच्या आधी कान लावायचा, ही त्यांची सक्त ताकीद होती. स्क्रू ड्रायव्हरला हात घातला की ते हातावर मारत.

कान लावायचा म्हणजे आधी कुठे, ते ठरवायचं. घुमणं स्पीकरमधून येतंय की लोखंडाच्या पेटीतून? सेट बंद करून स्पीकरची वायर काढली, परत चालू केला आणि तरी आवाज येत राहिला, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आहे. स्क्रू आवळणं, वॉर्निश पाजणं, रबरी वॉशर घालणं, यातलं काहीतरी करून तो उतरतो. (चालू अँपची स्पीकर-वायर काढायला मी कधी सांगत नाही, विशेषतः व्हॉल्व्हच्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्हच्या सेटला स्पीकरच्या जागी आधी रेझिस्टर जोडावा लागतो.) आवाज स्पीकरमधूनच येत असेल तर व्हॉल्यूमची कळ फिरवायची. हमिंग कमी-जास्त झालं तर दोष कळीच्या आधी, म्हणजे कार्ट्रिज, प्रीअँप, शिल्डेड वायर यांच्यात. कळ शून्यावर आणूनही ते जागचं हललं नाही तर दोष कळीनंतर, बहुधा पॉवर सप्लायमध्ये. एका कळीने अर्धा सेट बाद होतो.

पुढचा प्रश्न सुराचा. आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते. वायरीतून, जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून किंवा खराब अर्थिंगमधून जे शिरतं ते बहुतेक वेळा ५० हर्ट्झचं, जाड आणि मऊ. रेक्टिफायर पूर्ण लहर वापरत असेल तर फिल्टरमधून गळणारं रिपल १०० हर्ट्झचं, म्हणजे एक सप्तक वर, आणि थोडं खरखरीत. अर्ध्या लहरीवर चालणाऱ्या स्वस्त सेटमध्ये रिपलही ५०चंच असतं, तिथे हा नियम फसतो. तिसरा प्रकार करकरीत, मधमाशीसारखा. तो पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा किंवा एलईडी दिव्याच्या ड्रायव्हरचा. तो काढायला सेट उघडायची गरज नसते, रेग्युलेटर किंवा दिवा बदलायचा.

हे मी वर्षानुवर्षं मीटर लावून आणि अंदाजाने ओळखत होतो. एकदा डिंडोलीचे एक भजनी बुवा त्यांचा जुना अँप घेऊन आले. सेट चालू केला, त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खर्जातली पांढरी पाच आहे ही, पण जरा वर लागतेय." घरी जाऊन मी आकडे मांडले. हार्मोनियमची पांढरी पाच खालच्या सप्तकात ९८ हर्ट्झला लागते. आमचं रिपल १०० ला. म्हणजे बुवा दोन हर्ट्झ ऐकत होते, अर्ध्या सुराच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका फरक. त्यांची खरी तक्रारही तीच होती. घुमतं त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं, तानपुरा घुमतोच की. पण रेकॉर्डवरच्या षड्जाशी हे जुळत नव्हतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथलं १२० हर्ट्झचं हमिंग काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मध्यावर पडतं, म्हणजे कुठल्याच पट्टीत बसत नाही. तिथल्या बुवांचं काय होत असेल, कोण जाणे.

आणखी एक गंमत. २००२च्या आधी पश्चिम ग्रीडवर मागणी वाढली की वारंवारता ४९च्या खाली उतरत असे. बरोबर ४९ असेल तेव्हा रिपल ९८ ला येतं आणि पांढरी पाच अगदी सुरात लागते. पण त्याच वेळी टर्नटेबलची मोटरही दोन टक्के हळू फिरते, त्यामुळे गाणारा खाली उतरतो. आता ग्रीड ४९.९ ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे, आणि ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडल्यापासून सगळीकडे वारंवारता एकच असते. उधन्याच्या माझ्या टेबलावरचा अँप आणि कोल्हापुरातल्या कोणाच्या माडीवरचा रेडिओग्राम या क्षणी एकाच पट्टीत घुमताहेत.

आता फिल्टर कंडेन्सरबद्दल. व्हॉल्व्हच्या जुन्या सेटमध्ये (ठाण्यात बनलेला मर्फी घ्या, फिलिप्स घ्या, एचएमव्हीचा रेडिओग्राम घ्या) चासीवर ॲल्युमिनियमचा एक डबा उभा असतो. त्यात दोन किंवा तीन इलेक्ट्रोलिटिक एकत्र. आतला ओला भाग वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने सुकतो, क्षमता घटते, रिपल अडवायचं ते अडवत नाही. हमिंगच्या तक्रारीतला मोठा वाटा या डब्याचा. इथे नव्या पोरांची चूक ठरलेली असते. जास्त क्षमता म्हणजे जास्त गाळण, म्हणून ३२ मायक्रोफॅरडच्या जागी १०० किंवा २२० घालायचा. हमिंग जातं, गिऱ्हाईक खूश. पण ईझेड८० सारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्यापुढे गेलं की दर वेळी चालू करताना आणि दर लहरीच्या टोकाला व्हॉल्व्हमधून जोराचा प्रवाह ओढला जातो आणि तो लवकर मरतो. आता बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातूनच मिळतात, त्यात असा एक मारून टाकणं मला पटत नाही. मी पहिला कंडेन्सर मूळ आकड्याइतकाच ठेवतो, वाढवायचाच तर दुसरा वाढवतो. डबाही काढून फेकत नाही. आतून पोकळ करून नवे छोटे कंडेन्सर त्यात बसवतो, वरून सेट जसा होता तसाच दिसतो. याला वेळ लागतो आणि त्याचे पैसे मागितले की लोक तोंड वाकडं करतात.

बरीच वर्षं बंद असलेला सेट असला तर त्याला एकदम २३० व्होल्ट कधी देत नाही. आधी सिरीजला बल्ब लावून. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, मंद होत गेला तर पुढे जायचं. माल आणायला अजून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. पहाटेच्या फ्लाइंग राणीने जायचं, दिवसभर ग्रँट रोडच्या त्या बोळांत ४५० व्होल्टचे कंडेन्सर शोधायचे, आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. तिचे डबल डेकर डबे २०२३ मध्ये काढले. वरच्या मजल्यावर बसून मी कितीतरी कंडेन्सरवरच्या तारखा वाचल्या आहेत. जुना साठा "नवा" म्हणून विकतात. न वापरलेला इलेक्ट्रोलिटिकही कपाटात पडून सुकतो.

सुरतेतल्या हमिंगचं एक कारण दुसरीकडे कुठे भेटलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापीने शहराचा मोठा भाग बुडवला. अडाजण, रांदेर भागात तळमजले गेले. पाणी ओसरल्यावर उस्तादांच्या दुकानासमोर फुटपाथवर सेटची रांग लागली होती. गाळाने भरलेले, लाकूड फुगलेलं, स्पीकरचे कागद लोंबत असलेले. आम्ही गाळ साध्या पाण्याने धुवायचो, लोक हे बघून घाबरायचे. मग उन्हात, मग बल्ब लावलेल्या खोक्यात कितीतरी दिवस ट्रान्सफॉर्मर वाळवायचे, मेगरने इन्सुलेशन बघायचं. बरेच वाचले. त्या वर्षी हमिंगची तक्रार कोणी केली नाही, सेट बोलला हेच पुष्कळ.

हमिंग आलं ते नंतर, चार-पाच, कधी दहा वर्षांनी. कारण शोधायला मला खूप वेळ लागला, कारण कंडेन्सर नवे, व्हॉल्व्ह चांगले, वायरिंग जागच्या जागी. दोष रिव्हेटमध्ये होता. त्या काळच्या सेटमध्ये अर्थचे टॅग पत्र्याच्या चासीवर रिव्हेटने ठोकलेले असतात. सोल्डर चकचकीत दिसतो, पण टॅग आणि पत्रा यांच्या मध्ये पुराचं पाणी शिरलेलं, तिथे आतल्या आत गंज चढत गेलेला. अर्थ म्हणजे शून्य व्होल्ट असं सर्किट धरून चालतं, आणि त्या गंजामुळे प्रत्येक टॅगचं शून्य वेगळं झालेलं. प्रीअँपचं शून्य एक, पॉवर सप्लायचं दुसरं, आणि त्यांच्यातला फरक म्हणजेच स्पीकरमधलं घूं-घूं. साधा मल्टीमीटर ते दाखवत नाही, पॉइंट सिक्स ओहम आणि पॉइंट टू ओहम यांत तो गोंधळतो. आता पुरातला सेट आला की मी विचारतही नाही. सगळ्या टॅगना जोडणारी एक जाड तांब्याची तार फिरवतो, ती फक्त एका ठिकाणी घासून स्वच्छ केलेल्या पत्र्याला बांधतो. आजही एखादा सेट उलटा केला की कोपऱ्यात राखाडी गाळाची रेघ सापडते, आणि तो तळमजल्यावर होता हे मालकाने सांगायच्या आधी कळतं.

घरी जाऊन बघावं लागतं असे सेट वेगळेच. दुकानात ठीक, घरी घुमतो. पूर्वी मी हे गिऱ्हाइकाच्या मनाचे खेळ समजायचो. आता सेटबरोबर निघतो. बहुतेक वेळा गुन्हेगार टीव्हीची केबल असते. सेट-टॉप बॉक्स अँपला जोडलेला, केबलची जाळी गच्चीवरून शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेलेली, आणि अँपचं अर्थिंग या बिल्डिंगचं. दोन शून्यांमधून प्रवाह फिरतो, वाटेत गाणं असतं. केबलचा स्क्रू सोडला की शांत. केबलच्या लाइनमध्ये आयसोलेटर घातला की काम झालं. पण माझ्या आधी कोणीतरी येऊन गेलेला असतो आणि त्याने तीन पिनी प्लगची जाड पिन पक्कडीने तोडलेली असते. हमिंग त्यानेही जातं. मेटलच्या पेटीवर करंट आला तर तो जाणार कुठे, हे त्याने विचारात घेतलेलं नसतं. तोडलेली पिन दिसली की मी आधी नवा प्लग बसवतो, मग बोलतो. याबाबत माझं कोणाशी जमत नाही आणि जमवायचंही नाही.

याहून धोक्याचे म्हणजे एसी-डीसी सेट, यूसीएल८२ वगैरे व्हॉल्व्हचे. यांत मोठा ट्रान्सफॉर्मरच नसतो, मेनची एक वायर थेट चासीवर. दोन पिनी प्लग उलटा घातला की अख्खी चासी फेजवर. प्लग उलटवल्यावर हमिंग कमी होतं हे खरं, म्हणून लोक उलटवून बघतात. नवी पिढी या सेटला मोबाइलची ऑक्स केबल जोडायला मागते. मी सरळ नाही म्हणतो. वाटलं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, नाहीतर त्यावर फक्त आकाशवाणी ऐका.

रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट वेगळी. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो म्हणून फोनो प्रीअँप तो परत वाढवतो. १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे सातपट. म्हणजे हमिंगला प्लेअरमध्ये मुद्दाम मोठा दरवाजा ठेवलेला असतो. हिरवी किंवा काळी बारीक अर्थची वायर मागे जीएनडीच्या स्क्रूला बांधलेली आहे का, एवढं बघून कितीतरी फेऱ्या संपल्या आहेत.

भाठेनाला एका घरी मात्र काहीच लागू पडेना. वायर, केबल, कंडेन्सर, सगळं ठीक. मग स्पीकरचं कापड काढलं आणि दिसलं, कोन हळूहळू आत-बाहेर हलतोय. भिंतीपलीकडे मागांचं खातं होतं. मिनिटाला शंभर-दीडशे ठोक्यांनी फरशी हलते, फरशीबरोबर टेबल, टेबलाबरोबर सुई, आणि अँप बिचारा प्रामाणिकपणे मागच वाजवत होता. भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून (मागांकडच्या नाही, समोरच्या भिंतीत) कडाप्प्याची लादी टाकली, प्लेअर वर ठेवला. त्या घरच्या काकांनी आयुष्यभर मागावर काम केलेलं. ते म्हणाले, "इतकी वर्षं कानाला कळलं नाही, सुईला कळलं."

अलंगचा माल हे आताचं निराळंच प्रकरण आहे. तिकडे १९८३ पासून जहाजं तोडली जातात आणि रस्त्याच्या कडेला दुकानांत जहाजांवरच्या खुर्च्यांपासून स्टिरिओपर्यंत सगळं विकलं जातं. घोघा ते हजीरा फेरी २०२० मध्ये सुरू झाल्यापासून ते सुरतेत यायला सोपं झालं. खलाशांच्या केबिनमधले सुंदर जपानी, अमेरिकी सेट. पण जहाजावर वीज बहुधा ६० हर्ट्झची. ज्या सेटवर "५०/६०" लिहिलंय त्याला धोका नाही. जपानी सेटवर ते बहुतेकदा असतंच, कारण जपानचा पूर्व भाग ५० वर चालतो आणि पश्चिम भाग ६० वर. फक्त "६०" लिहिलेला ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्या विजेवर कुरकुरतो. त्याच व्होल्टेजला लोखंडात वीस टक्के जास्त चुंबकत्व भरावं लागतं, लोखंड भरून वाहतं, पत्रे घुमतात आणि हात लावला तर चटका बसतो. यावर कंडेन्सर बदलून उपयोग नाही. व्होल्टेज खाली आणून देतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळून घेतो. अशा सेटच्या टर्नटेबलची मोटर ५०वर हळू फिरते, ३३ ऐवजी मिनिटाला जेमतेम २८ फेरे. उधन्यात मागांचे सुटे भाग बनवणारा एक लेथवाला आहे. तो मला पितळेची जाड पुली कातून देतो, आणि दर वेळी विचारतो की हा माग कुठल्या कंपनीचा.

गेल्या काही वर्षांत एक तक्रार वाढली आहे आणि तिच्यापुढे मीटरचं काही चालत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "पूर्वी येत नव्हतं, आता येतं." सेट तपासावा तर सगळं छापील आकड्यांत. बोलता बोलता कळतं की घर बदललंय. कतारगामच्या गल्लीतून वेसूला, लिंबायतहून पालला. आठव्या-दहाव्या मजल्यावर, सरकत्या काचांच्या खिडक्या. पूर्वीच्या घराखाली रिक्षा, शेजारी माग, वर डब्यावर डबा आपटणारं कोणीतरी. त्या सेटमध्ये पहिल्या दिवसापासून थोडं हमिंग होतं. कंपनीने तेवढं चालेल म्हणूनच तो बनवला होता. ते ऐकू यायला आधी बाकीचं शांत व्हावं लागलं.

तरीही ते काढून मागतात, आणि थोडं काढता येतंही. व्हॉल्व्हच्या हीटरच्या वायरी घट्ट पीळ देऊन कोपऱ्यातून फिरवायच्या, हम-पॉट (हीटरचा मध्य जुळवायची छोटी कळ) असेल तर रात्री सगळं बंद करून कानाने तो मध्यावर आणायचा, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या कोनात वळवायचा. शून्यावर आणायचं असेल तर आतलं सगळं काढून नवा चिप-बोर्ड बसवा, हेही मी सांगतो. काहींनी बसवून घेतला. काढलेला माल पिशवीत घालून त्यांना परत देतो, कारण पाच वर्षांनी त्यांचा मुलगा जुना आवाज मागायला येईल.

हल्ली फोनवर मी मॉडेल नंतर विचारतो. आधी घर कुठलं, मजला कितवा, सेट ज्या बोर्डावर आहे त्यावर आणखी काय आहे, पंखा चालू होता की बंद. काही जण चिडतात. एक पारशी अंकल म्हणाले, "डिक्रा, रेडिओ रिपेर करवानो छे, फ्लॅट वेचवानो नथी." त्यांच्या घरी गेलो तर अँपच्या बोर्डातच फ्रीजचा स्टॅबिलायझर घातलेला होता, आणि अँप त्याच्यावरच ठेवला होता.